टेपमधले बाबा

माझी नात गिटारची वायर कॉम्प्युटरात खुपसते, कानाला ते मोठाले हेडफोन लावते, आणि तिच्यासाठी ड्रम, बेस, पियानो सगळं आपोआप वाजायला लागतं. तिची गिटार तेवढी त्यात नसते. ती जागा तिनं भरायची. हे मला समजावून सांगताना तिच्या चेहऱ्यावर असा भाव, की बिचाऱ्या आजीला यातलं काय कळणार! मी म्हटलं, "अगं बाई, आम्ही हेच रेडिओत खुपसत होतो." तिला वाटलं, आजी थापा मारते. थापा कसल्या? थापा मारायच्या असत्या तर चांगल्या मोठ्या मारल्या असत्या.

गोष्ट नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या घरातली. सत्तरीचं दशक सरत आलं होतं आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गिटार माझी नव्हती, मामाची होती. हवाईयन, विजेवरची. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली लोखंडी सळई तारांवरून सरकवायची. सूर एकातून दुसऱ्यात असा वाहत जायचा, की मध्ये कुठं पायरी आली हे कळायचंसुद्धा नाही. मामानं मला थोडंफार शिकवलं आणि तेवढ्यात त्याची जबलपूरला बदली झाली. तिथं चौघांत एक खोली. तेव्हा "पोळ्याला येतो तेव्हा घेऊन जाईन" म्हणून तो गिटार आमच्याकडे ठेवून गेला. मी त्याच्या पाया पडले नाही एवढंच.

विजेवरची गिटार नुसती वाजवली, की डास गुणगुणल्यासारखी वाजते. आवाज मोठा करणारं खोकं मामाकडे कधी नव्हतंच. तो ज्यांच्याकडे वाजवायला जायचा त्यांचं वापरायचा. मग सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून आम्ही एक वायर करून आणली. एका टोकाला गिटारची जाड पिन, दुसऱ्या टोकाला दोन सुट्या पिना. आमच्या लाकडी रेडिओच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेअर जोडायची दोन भोकं होती, तिथं त्या पिना घालायच्या. रेडिओचं बटन रेकॉर्डच्या खुणेवर फिरवलं की स्टेशन बंद आणि गिटार चालू.

पहिल्या दिवशी मी सळई तारांवर ठेवली आणि मनगटापर्यंत अशा झिणझिण्या आल्या, की मी "आई गं" म्हणून गिटार सोडलीच. आईनं प्लग काढला, उलटा करून घातला, तर झिणझिण्या गेल्या. पण आईची भीती जाईना. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. मी गिटार घेऊन खुर्चीत बसायचं, पाय लाकडी पाटावर ठेवायचे, पायांत रबरी चपला घालायच्या. जेवायचा पाट तो! आणि रेडिओचं बटन आईच फिरवणार, तेही लाटण्यानं ढकलून. बटन गोल असल्यानं लाटण्यानं ते फिरायचं नाही, मग शेवटी देवाचं नाव घेऊन हातानंच. एखाद्या पाहुण्यानं हा सोहळा पाहिला असता तर आम्हाला वेड्यातच काढलं असतं.

आता बाबांचं सांगते. बाबा वणीकडे कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होते आणि महिन्यातून एकदा, कधी दोनदा, घरी यायचे. माणूस गाण्याचा. पेटी फार सुरेख वाजवायचे, गळाही गोड होता. पण घाई म्हणजे विचारू नका. जेवायला बसले, की आम्ही वरणभात कालवेपर्यंत ते हात धुवून मोकळे. बाजारात निघाले, की आई अजून पानाच्या ठेल्याशी आणि बाबा पार इतवारीच्या तोंडाशी. गाणंही तसंच. सुरू केलं की कोणी मागे राहिलं का, हे पाहायला वळायचेच नाहीत. आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तो राग माझ्याकडे जसाच्या तसा उतरला आहे, असं सगळे म्हणतात. मी मान्य करत नाही.

त्या थंडीत बाबांनी माझ्याशी करार केला. त्यांनी स्वतः चाल लावलेलं एक गाणं होतं. म्हणाले, "पोळ्यापर्यंत हे गाणं माझ्यासंगं नीट वाजवून दाखव. दाखवलं, तर मामाले मी सांगतो, गिटार इथंच राहू दे. नाही तर ज्याची वस्तू त्याले." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! त्या वयात मला त्या गिटारपेक्षा जास्त काहीच हवं नव्हतं. साडी नको, सोनं नको. मैत्रिणी लग्नाच्या गोष्टी करायच्या आणि मला स्वप्नात ती सळई सरकताना दिसायची.

पण बाबा नसताना वाजवायचं कोणासोबत? त्यावर त्यांनीच तोड काढली. खाणीच्या क्लबात स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर होता. क्लबानं नवा घेतल्यावर तो बाबांच्या गळ्यात पडला. एका रविवारी सकाळी, शेकोटी पेटवावी अशा थंडीत, बाबांनी पेटी घेतली आणि ते गाणं टेपवर भरलं. सोबत पायाचा ठेका. प्रत्येक कडवं संपलं, की टेपवरच म्हणायचे, "हं, आता तू." आणि मग पेटीवर नुसता एक सूर धरून ठेवायचे, पायाचा ठेका चालू. ती माझी जागा. मी तिथं वाजवायचं आणि पुढच्या कडव्याला ते पुन्हा गाणार. "मी नसलो, की याच्यासंगं वाजवत जाजो," असं सांगून ते खाणीवर गेले.

थंडीत मी ती टेप दोनचारदा लावून पाहिली आणि रडकुंडीला आले. हुबेहूब बाबा! "हं, आता तू" म्हणेपर्यंत माझी जागा निम्मी संपलेली असायची. मी पहिल्या ओळीत असतानाच ते पुढचं कडवं गात निघून गेलेले. मी टेपरेकॉर्डरवर कापड टाकलं आणि अभ्यासाला लागले. परीक्षा होतीच.

परीक्षा संपली आणि नागपूरचा उन्हाळा लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. खिडकीत पत्र्याचा कूलर, त्याच्या खसला, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांना, पाणी मारलेलं, बाकी सगळी दारं बंद. त्या अंधाऱ्या खोलीत आई चटईवर आडवी व्हायची आणि मी पाटावर पाय ठेवून बसायचे. रेडिओ तापायला वेळ लागायचा. मग आधी घूंऽऽ असा बारीक आवाज, आणि त्याच्या काचेतला डोळ्यासारखा हिरवा दिवा हळूहळू उजळायचा. वर बल्ब जळत असायचा, पण लालसर, पेंगुळलेला. खसचा ओला वास. कूलरच्या पंपाचं टपटप. टेपची दोन्ही चाकं फिरू लागायची आणि बाबा गायला लागायचे.

आणि काय नवल! मला ते गाणं यायला लागलं होतं. मी टेपमधल्या पेटीच्या सुराला तारा जुळवून घ्यायचे आणि वाजवायचे, तर बाबा मागे टाकून जात नव्हते. कडवं संपलं, की "हंऽऽ, आताऽ तू" असं म्हणायचे आणि मला पुरेशी जागा सापडायची. मला वाटलं, माझा हात बसला. सुटीत रोज बसते, बसणारच हात. बाबांचा आवाजही जरा भारदस्त, खोल वाटायचा. त्यावर मी म्हटलं, खोलीच्या गारव्यानं वाटत असेल. खरंच, मी असं म्हटलं! कॉलेजात सायन्स होतं माझं.

त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. बाहेर ऊन जाळत असायचं आणि आत पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. कुठूनसं खोलवरून बाबांचं गाणं यायचं. सावकाश, एकेक शब्द मायेनं ठेवत. मी सळई सरकवली, की माझा सूर त्यांच्या सुराला जाऊन मिळायचा. कधी मी चुकले तरी पेटीचा तो एक सूर धरलेलाच असायचा, म्हणजे जणू काही घाई नाही, ये तू सवडीनं. आई डोळे मिटून म्हणायची, "आज छान जमून राहिलं वं." मी डोळे मिटून वाजवत राहायचे. बाबा असे बोलले असते तर किती बरं झालं असतं, असं मनात यायचं, आणि मग वाटायचं, बोलतातच की हे. रोज दुपारी बोलतात. मला त्या टेपमधल्या बाबांचा लळाच लागला. लाज कसली, खरं ते सांगते.

मधल्या दिवसांत बाबांच्या खाणीवर कामाची गर्दी होती, त्यांचं येणं लांबलं. आले तेव्हा मृग लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. शनिवारी रात्री आले आणि रविवारी सकाळी चहा पोटात जातो न जातो तोच पेटी काढून बसले. "चाल, दाखव काय केलं ते." मी मोठ्या तोऱ्यात गिटार मांडीवर घेतली. तारा कालच्याच जुळवलेल्या होत्या. आईनं बटन फिरवलं.

बाबांनी सूर धरला, मी सळई ठेवली, आणि अरे देवा! असं बेसूर, की आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या तारा पेटीच्या खाली कुठं तरी पडलेल्या. बाबांनी कपाळाला आठ्या घालून त्या जुळवून दिल्या आणि पुन्हा सुरू केलं. पण आता ते असे सुटले की बोलता सोय नाही. मी माझ्या जागेत शिरते, दोन सूर काढते, तर हे पुढच्या कडव्यात! पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या तळहाताला घाम सुटला आणि सळई घसरायला लागली.

"काहून वं, झोपून राहिली का? मी कुठं पोहोचलो अन् तू कुठं आहे!"

"तुम्ही पळून राहिले!"

"मी पळून राहिलो? गाण्याची लय आहे ते! सुटीभर काय केलं तू? राहू दे. तुले नाही जमत. मामाले सांगून देतो, घेऊन जा बाबा तुझी गिटार."

आई म्हणाली, "हळू बोला, पोर आहे ते."

पण माझं डोकं फिरलं होतं. मी उभी राहिले, पाटावरच, आणि ओरडले, "टेपमधले बाबा थांबतात! तुम्हीच थांबत नाही! ते तुमच्यापेक्षा चांगले आहेत!"

बापाला असं कोणी बोलायचं नाही आमच्यात. आता पेटीच फेकतात का काय, असं मला वाटलं. बाबांनी पेटी बंद केली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. मी पालथी पडून रडले. गिटार गेली म्हणून रडले, आणि असं बोलले म्हणूनही.

बाबा जेवायच्या वेळेला परत आले. जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत खाटेवर पडले. गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले, आमचाही झाला. मी रागात होतेच. म्हटलं, गिटार जाणारच आहे ना, मग वाजवून घेते. टेप लावली. आईनं एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्यानं रेडिओ चालू करून दिला. मी टेपच्या पेटीशी तारा पुन्हा जुळवल्या. डोळे मिटले. गाणं सुरू झालं आणि टेपमधले बाबा पहिल्यासारखेच, सावकाश. "हंऽऽ, आताऽ तू." मी वाजवलं. सकाळी न जमलेलं सगळं जमलं.

डोळे उघडले तर दारात बाबा. बनियनवर, केस विस्कटलेले.

"कोण गाऊन राहिला हा?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "तुम्हीच. दुसरं कोण?"

बाबा पुढे आले, टेपरेकॉर्डरजवळ वाकले, फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं. मग वर बल्बकडे पाहिलं. त्याची तार लाल निखाऱ्यासारखी झालेली.

"रोज दुपारी असीच राह्यते लाइट," आई म्हणाली. "गल्लीभर कूलर सुरू राह्यते. दिवे लागायच्या वेळेपर्यंत असंच."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला जमीन फाटून आत जावं असं झालं. विजेला जोरच नव्हता. चाकं हळू फिरत होती, म्हणून बाबा हळू गात होते, म्हणून त्यांचा सूर खाली गेला होता आणि मी शहाणी रोज त्या पडलेल्या सुराला तारा जुळवत होते. माझा हातबीत काही बसला नव्हता. महालातल्या कूलरांनी माझ्यासाठी बाबांना थांबवून धरलं होतं.

मला वाटलं, आता बाबा हसतील, नाही तर चिडतील. ते खाली चटईवर बसले. टेप तशीच चालू होती. शेवटचं कडवं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "हा बरा माणूस दिसते गा." स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "लाव पुन्हा."

मी टेप मागे नेली. बाबा टेपसोबत गायला लागले, आणि पहिल्याच ओळीत स्वतःच्या पुढे निघून गेले! थांबले. पुन्हा धरलं. पुन्हा पुढे. टेपमधले बाबा आपले सावकाश चालले आहेत आणि खरे बाबा त्यांचं बोट सोडून धावताहेत. आई तोंडात पदर कोंबून हसत होती. मलाही हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "कठीण आहे वं हे." मग पुन्हा "लाव."

संध्याकाळच्या गाडीनं ते खाणीवर गेले. गिटारचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पुढे पाऊस लागला. खिडकीतले कूलर निघाले, बल्ब लख्ख जळायला लागला आणि टेप पुन्हा पळायला लागली. माझे दुपारचे बाबा गेले. मला किती वाईट वाटलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. टेपला कान लावला, तरी आत तेच थंडीतले घाईचे बाबा. आता माझ्यासाठी थांबायला कोणी उरलंच नव्हतं, आणि पोळा जवळ येत होता.

मधे बाबा दोनदा घरी आले. दोन्ही वेळा न बोलता पेटी काढून बसले. पहिल्या वेळी कडव्यापाठी कडवं सुटायचे, मग एकदम जीभ चावायचे आणि पेटीवर सूर धरून बसायचे. बोटं नुसती वळवळत असायची, पुढे जायला. मला कळायचं, त्यांना किती जड जातं आहे ते. मी सावकाश माझी जागा भरायचे. दुसऱ्या वेळी बोटं जरा कमी वळवळली.

पोळ्याला मामा आला. बैलांचं कौतुक झालं, पुरणपोळ्या झाल्या आणि मग मामानं हात पुसत म्हटलं, "हं, ऐकू द्या काय शिकली पोरगी. रात्रीच्या गाडीनं गिटार घेऊन निघतो मी."

आम्ही बसलो. पाट, चपला, सगळं रीतसर. मामा पोट धरून हसला. मग बाबांनी सुरू केलं. पहिलं कडवं झालं, मी वाजवलं, बरं झालं. दुसरं झालं. तिसऱ्या कडव्यानंतर माझ्या जागेत शिरताना घामेजल्या हातातून सळई सुटली, तारांवर आपटली आणि खण्ण करून खाली फरशीवर गेली. रेडिओतून असा भयंकर आवाज झाला, की आईनं कानावर हात ठेवले.

संपलं, मला वाटलं. मी खाली वाकून सळई शोधत होते, ती कुठं कपाटाखाली गेलेली. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे काही दिसेना. आणि मला ऐकू येत होतं, पेटीचा तो एक सूर चालूच होता. भाता हळूहळू आत-बाहेर होत होता. बाबांचा पाय ठेका धरून होता, ना जास्त, ना कमी. मी सळई शोधली, पदरानं पुसली, खुर्चीवर बसले, पाय पाटावर ठेवले. एवढा वेळ ते तिथंच होते. मग मी वाजवलं.

गाणं संपल्यावर मामानं मान हलवली. "भाऊजी, पोरगी कच्ची आहे अजून. मी नेतो गिटार, तिकडे कामी येईल."

बाबा म्हणाले, "पोरगी नाही गा कच्ची. कच्चा मी आहो. तिचं झालं शिकून. आता कुठं मी शिकून राहिलो, अन् गिटार तू घेऊन चालला तर मले शिकवीन कोण?"

आमच्या बाबांच्या तोंडून असं वाक्य मामानं जन्मात ऐकलं नसेल. आई काही तरी आणायच्या निमित्तानं आत गेली, ती लवकर बाहेर आलीच नाही. बाबांनी पेटीवर पुन्हा हात ठेवला, आणि माझी सळई तारांवर येईपर्यंत एकही सूर वाजवला नाही.